आधी पाणी ओतून बघा, मग पैसे मोजा

जुन्या चांदीच्या ताटवाट्यांबद्दल मागे या सदरात लिहिलं, तेव्हापासून पत्रं येतच आहेत. गंमत अशी की ताटवाटीबद्दल कमी आणि इंग्रजी थाटाच्या कॉफीपॉटबद्दल जास्त विचारणा आहे. आमच्या लहानपणी सांगलीत कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, कपबशीतली, आणि तीही पाहुणे आले तरच. आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात चांदीचा कॉफी सेट हवासा वाटतो. वाटू दे, त्यात वाईट काही नाही. माझं सगळं आयुष्य सराफ कट्ट्यामागच्या बोळात, अण्णांच्या भट्टीशेजारी, लोकांच्या भांड्यांचे पोचे काढण्यात गेलं. त्यामुळे अशी भांडी मला समोरून कमी आणि बुडाकडून जास्त ठाऊक आहेत. पत्रं थोडी कापून छापते आहे. नावं नाहीत, फक्त गावं.

प्रश्न : ताई, आम्ही दोघं निवृत्त झालो आणि विश्रामबागेत नवीन फ्लॅट घेतला. एका विक्रेत्याकडे ‘ब्रिटिशकालीन चांदीचा कॉफी सेट’ पाहिला. कॉफीपॉट, चहाची किटली, साखरेचं भांडं, दुधाचं भांडं आणि मोठं तबक. सगळं मिळून साडेतीन किलो. बुडाला ई.पी.एन.एस. ही अक्षरं आणि चौकोनात चार छोटे ठसे आहेत. विक्रेता म्हणतो, आजच्या चांदीच्या भावापेक्षा वीस टक्के कमी लावतो. घ्यावा का? (सांगली)

उत्तर : या भावाने अजिबात घेऊ नका. वीस टक्के कमी कशापेक्षा, हा खरा प्रश्न आहे. ती चार इंग्रजी अक्षरं म्हणजे विक्रेत्याने स्वतःच दिलेली कबुली आहे : आत निकेल सिल्व्हर, वर विजेच्या प्रवाहाने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात साधारण साठ टक्के तांबं आणि उरलेलं निकेल व जस्त. नावात चांदी असली तरी धातूत चांदीचा कणही नाही. तुमच्या साडेतीन किलोतली खरी चांदी किलोत मोजायची नसते, तोळ्यांत मोजायची असते, आणि घासून घासून मुलामा उडाला असेल तर तीही उरलेली नसते.

ही मुलाम्याची कला बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० साली पेटंट घेऊन बाजारात आणली. त्याआधी शेफील्डमध्ये थॉमस बोल्सोव्हर नावाच्या कारागिराने १७४०च्या दशकात तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा भाजून जोडायची युक्ती काढली होती. तिला शेफील्ड प्लेट म्हणतात. दोन्हींचा हेतू एकच, चांदीचा थाट कमी पैशात. त्या काळी ही फसवणूक नव्हती, दुकानदार उघड सांगून विकत. फसवणूक आता होते, कारण आपल्याकडे ती अक्षरं कुणी वाचत नाही.

तुम्ही लिहिलेले ‘चार छोटे ठसे’ हे या मालाचं ठरलेलं नाटक आहे. मुलाम्याच्या कारखान्यांनी आपली अक्षरं एकेका ढालीत किंवा चौकोनात बसवून ओळीने मारली, म्हणजे लांबून बघणाऱ्याला अस्सल चांदीचे ठसे वाटावेत. भिंग घेऊन बघा. त्यात अस्सल इंग्रजी चांदीवरचा चालणारा सिंह नसेल. कधी ‘ए वन’ असं असेल. तो मुलाम्याच्या जाडीचा दर्जा आहे, चांदीच्या शुद्धतेचा नव्हे.

तरीही तुम्हाला सेट मनापासून आवडला असेल तर वजनकाटा बाजूला ठेवून, एक शोभेची जुनी वस्तू म्हणून भाव करा. चांदीच्या भावाचा शब्दही काढू देऊ नका. मग हे बघा : तोटीच्या टोकाला, झाकणाच्या बोंडावर, तबकाच्या मागच्या पायांवर पिवळट किंवा तांबूस झाक दिसते का? तिथे मुलामा गेलाय. कॉफीपॉटच्या आत बोट फिरवा. आतून मुलामा गेलेल्या भांड्यात कॉफी ओतणं म्हणजे कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी करणं. पुन्हा मुलामा चढवून मिळतो, पण त्याचा खर्च आधी विचारा. नक्षीच्या भांड्यावर पुन्हा मुलामा चढवताना आधी सगळं घासतात, त्यात नक्षीची धार जाते आणि भांडं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत होऊन येतं.

आणखी एक. विक्रेता म्हणेल, ‘मशीनवर तपासून घ्या.’ सराफाकडचं क्ष-किरणांचं यंत्र भांड्याच्या वरवरच्या थरातलंच वाचतं. जाड मुलाम्याचं भांडं ठेवलं तर ते बिनदिक्कत चांदी सांगेल. यंत्र खोटं बोलत नाही, त्याला प्रश्न चुकीचा विचारलेला असतो. बुडाच्या आत, नजरेआड जागी बारीकसा ओरखडा काढून तिथे लाल द्रावाचा थेंब टाकतात, ती जुनी परीक्षाच इथे उपयोगी. विक्रेता ओरखडा काढू देत नसेल तर त्याची वस्तू त्याला लखलाभ.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना त्यांच्या एका साहेबांनी जाताना चांदीचा उंच कॉफीपॉट दिला होता, असं घरात सांगतात. तसाच जोडीचा दुसरा पॉट आता विकत घ्यायचा विचार आहे. घरच्या पॉटवर सिंह, नांगर, एक इंग्रजी अक्षर, दोन अक्षरांचं चिन्ह आणि कुणाचं तरी डोकं असे ठसे आहेत. नांगर कशाचा? बुडाला सुईने कोरल्यासारखे ‘२४–१०’ असे आकडेही आहेत. विकत घेताना काय जुळवून बघू? (सातारा)

उत्तर : तुमचं पत्र वाचून हेवा वाटला. तो नांगर शेतातला नाही, जहाजाचा आहे. १७७३ साली बर्मिंगहॅम आणि शेफील्ड या दोन्ही गावांना चांदी तपासून ठसा मारायचा अधिकार मिळाला. बर्मिंगहॅमने नांगर घेतला, शेफील्डने मुकुट. शेफील्डचा मुकुट १९७४ पर्यंत चालला, नंतर तिथे गुलाब आला. लंडनचा ठसा म्हणजे बिबट्याचं तोंड. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. इंग्लंडात हा सिंह १५४४ पासून आहे. दोन अक्षरं कारागिराची किंवा कारखान्याची. एकटं अक्षर सालाचं. पण ते अक्षर वाचायला त्या त्या गावाचा तक्ता लागतो, कारण प्रत्येक गावाची मालिका वेगळी आणि ढालीचा आकारही वेगळा. लंडनच्या तक्त्यात बर्मिंगहॅमचं अक्षर शोधून लोक वस्तू पन्नास वर्षं म्हातारी करून टाकतात.

डोकं राजाचं किंवा राणीचं. कर भरल्याची ती खूण. १७८४ ते १८९० एवढ्याच काळात ती मारली जायची. म्हणजे तुमच्या घरचा पॉट १८९० च्या आतला आहे, हे अक्षर न वाचताही कळलं. सासऱ्यांना दिला गेला तेव्हाच तो जुना होता.

आता ते ‘२४–१०’. मला सगळ्यांत आवडणारी खूण हीच. बुडाला कोरलेलं हे मूळ वजन, चोवीस औंस दहा पेनीवेट. चांदीचा औंस ३१.१ ग्रॅमचा आणि त्यात वीस पेनीवेट, म्हणजे साधारण ७६२ ग्रॅम. पॉट आज काट्यावर ठेवा. पंधरा-वीस ग्रॅम कमी भरला तर ती दीडशे वर्षांची घासाई. शंभर कमी भरला तर काहीतरी कापलं गेलंय. जास्त भरला तर काहीतरी जोडलं गेलंय, आणि हे जास्त वाईट. जोडीचा पॉट घेताना बुडाला असे आकडे असतील तर विक्रेत्याच्या दुकानातच काटा मागवा.

जोडण्याचा प्रकार असा : इंग्रजांकडे पूर्वी बियर प्यायचे झाकणाचे मोठे चांदीचे मग असत. पुढे चहा-कॉफीचं वेड वाढलं आणि हे बियरचे मग नकोसे झाले, तेव्हा पुष्कळांना तोट्या बसवून त्यांचे पॉट किंवा जग केले गेले. ठसे खरे, चांदी खरी, पण वस्तू ती नव्हे. झाकण बघा, त्यावर निदान सिंह हवा. झाकणावर ठसाच नसेल तर ते दुसऱ्या भांड्याचं असू शकतं. पुढे आणखी सोपी युक्ती : ठशांच्या जागेवर तोंडाने वाफ सोडा, चष्मा पुसताना सोडतो तशी. डाखाचे, म्हणजे झाळून जोडलेले, सांधे वाफेखाली रेघेसारखे उमटतात. कुणी लहान चमच्यावरचे खरे ठसे कापून मोठ्या पॉटच्या बुडात बसवले असतील तर त्यांच्याभोवती चौकोन दिसेल.

पॉटच्या अंगावर मधल्या गोलात कुणा घराण्याचं चिन्ह असतं. ते घासून काढलेलं असेल तर तिथला पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबा. डब्याच्या झाकणासारखा आत-बाहेर झाला तर वस्तू ठेवून द्या. चिन्ह दुसऱ्याचं असलं तर काय बिघडलं? मला तर पुसलेल्या कोऱ्या गोलापेक्षा अनोळखी घराण्याचा सिंह परवडला.

शेवटची गोष्ट कायद्याची, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. चांदी फार तापते म्हणून पॉटचा दांडा लाकडी करत, किंवा चांदीच्याच दांड्यात दोन ठिकाणी पांढऱ्या चकत्या बसवत. या चकत्या अनेकदा हस्तिदंताच्या असतात. हस्तिदंताची खरेदी-विक्री आपल्या देशात वन्यजीव कायद्याने बंद आहे, चकती कितीही जुनी आणि लहान असली तरी. हाडाच्या चकतीत बारीक काळे ठिपके दिसतात, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. शंका असेल तर लाकडी दांड्याचाच पॉट शोधा.

प्रश्न : कॉफीपॉट आणि चहाची किटली यात फरक काय? दुकानदार काहीही दाखवून काहीही म्हणतो. (मिरज)

उत्तर : उंच आणि निमुळता तो कॉफीचा, बसका आणि गोल तो चहाचा. तोटी नसून काठालाच चोच काढलेली असेल तर बहुधा गरम पाण्याचा जग. झाकणाचं बोंड निघतं किंवा सरकतं आणि खाली भोक असेल तर तो चॉकलेटचा, भोकातून घोटणी घालून ढवळायचा. चॉकलेटचा जुना पॉट कमी सापडतो, म्हणून कॉफीपॉटला भोक पाडून तो ‘दुर्मीळ’ करणारेही आहेत.

प्रश्न : आमचं घराणं गलाईवालं, म्हणजे सोनं-चांदी आटवणारं. चुलते कोइमतूरला, मोठा भाऊ बरेलीला, मी आता विट्यात. आमच्याकडे जुनी भांडी रोज मुशीत जातात. मला एक सांगा, आटवली की चांदी ती चांदीच. मग नक्षीच्या जुन्या भांड्याला मोडीपेक्षा दुप्पट पैसे कुणी का द्यावेत? (विटा)

उत्तर : तुमचा प्रश्न सगळ्यांत चोख आहे आणि तुम्हाला तो विचारायचा अधिकारही आहे. खानापूर, आटपाडी, विट्याकडची माणसं देशभरातल्या सराफ पेठांत भट्ट्या लावून बसली आहेत. देशातलं कुठलं भांडं कधी मोडीत निघालं, याचा हिशोब कुणाकडे असेल तर तो तुमच्याकडेच.

हिशोबानेच बोलू. ७६० ग्रॅमचा ९२५चा पॉट असेल तर त्यात ७०३ ग्रॅम शुद्ध चांदी. तेवढी तुमच्या मुशीतून निघाली की त्या दिवसाच्या भावाने तिचे पैसे होतात, घट आणि आटणावळ वजा जाता. हा झाला तळ. जुन्या वस्तूचा भाव या तळाच्या खाली क्वचित जातो. वर किती जायचा, ते घडणीवर आणि वयावर. मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगते, तीन भाव वेगळे विचारा : चांदीचा किती, घडणीचा किती, जुनेपणाचा किती. तिन्ही एकत्र सांगणाऱ्याला बहुधा तिसराच जास्त लावायचा असतो.

आता दुप्पट का द्यावेत? आपल्याच देशातली दोन-तीन उदाहरणं बघा. कच्छमध्ये भूजला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमरसी मावजी नावाचे चांदीकार होऊन गेले. त्यांच्या चहा-कॉफीच्या भांड्यांवर वेलबुट्टीचं उठावाचं काम इतकं दाट की बोट टेकायला सपाट जागा मिळत नाही. दांड्याला नाग, झाकणावर हत्ती. बुडाला इंग्रजीत ओ. एम. आणि भूज एवढंच. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सची ‘स्वामी’ धाटणीची भांडी, त्यांवर देवळातल्यासारख्या देवांच्या मूर्ती. कलकत्त्याच्या हॅमिल्टन कंपनीची भांडी दिसायला पूर्ण इंग्रजी. इंग्लंडात सरकारी ठसा लागायचा, आपल्याकडे तसा कायदा नव्हता, त्यामुळे या मंडळींनी आपापले शिक्के मारले. म्हणूनच ही भांडी न ओळखता मोडीत जातात. सिंह नाही, नांगर नाही, टंच काढलं तर स्टर्लिंगला बसत नाही, चला मुशीत! जगभरातले संग्राहक ज्याच्यासाठी चांदीच्या अनेक पट मोजतात ते भांडं दहा मिनिटांत लगडी होऊन बाहेर येतं. ९६१ अंश सेल्सिअसला चांदी वितळते. तिथे नाग आणि हत्ती काही वेगळे उरत नाहीत.

आपल्या भागातली भांडी एवढी नामांकित नसतील, पण जुन्या घरांतले गडू, तबकं, अत्तरदाण्या, गुलाबदाण्या यांचं ठोककाम पाहिलं की हात थबकतो. यातली बरीच चांदीच्या रुपयांतून घडलेली. सराफाच्या समोर गिऱ्हाईक रुपये मोजून द्यायचं, कारागीर आटवायचा. रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणून अशा भांड्याचं टंच ९१ च्या आसपास उतरतं. ९२.५ नाही आलं म्हणून हलकी समजू नका, ती रुपयाची चांदी आहे. मात्र १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली, आणि त्यातून घडलेलं भांडं तुमच्या मुशीत लगेच उघडं पडेल.

माझी विनंती एवढीच. भट्टीत टाकण्याआधी बूड उलटं करून बघा. शिक्का असेल, नाव आणि साल कोरलेलं असेल, नक्षी हाताची असेल तर फोटो काढून ठेवा आणि ते भांडं बाजूला काढा. आणि बाकी वाचकांना सांगते, जुनी चांदी घ्यायची तर मुंबईच्या मॉलमधल्या काचेच्या कपाटापेक्षा आपल्या ओळखीच्या सराफाला सांगून ठेवा : ‘मोडीत काही चांगलं आलं तर आटवायच्या आधी मला दाखवा.’ मोडीच्या भावावर थोडे पैसे चढवून दिले की त्याचंही भलं होतं. सांगली-साताऱ्यात याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. फक्त पावती घ्या. जुनं भांडं कुणाच्या घरातून कसं आलं, ते सराफालाही ठाऊक असलं पाहिजे.

प्रश्न : आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरची लोखंडी पेटी पाण्यात होती. त्यातली चांदीची ताटं, पेले आणि एक जुनी किटली काळीठिक्कर पडली. तशीच बांधून ठेवली होती. आता मुलाच्या लग्नात वापरायची आहेत. एका नातेवाइकाने चिंच आणि रांगोळीने घासून दिली, तर ओरखडे पडले. (सांगली)

उत्तर : रांगोळी थांबवा, आधी ते. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. पुराच्या भांड्यांना तर तीही लागत नाही, नक्षीत अडकलेला गाळच पुरे. म्हणून पहिलं काम न घासता धुणं. कोमट पाण्यात रात्रभर बुडवा, मऊ ब्रशने नक्षीतला गाळ सोडवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा. रिठ्याचं पाणी उत्तम.

काळेपणा म्हणजे चांदीवर गंधकाने चढवलेला थर. कुजलेल्या गाळात गंधकाचे वायू भरपूर, त्यामुळे पुराची चांदी एका आठवड्यात दहा वर्षांइतकी काळी होते. साध्या सपाट ताटांना पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरून, वर कढत पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घालून बुडवा. भांडं कागदाला टेकलं पाहिजे. थोडा कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधक निघाल्याचा. चांदी झिजत नाही, उलट थरातली चांदी परत धातू होते.

पण किटलीला हे करू नका. नक्षीच्या खाचांतला काळेपणा कारागिराने मुद्दाम ठेवलेला असतो, त्यानेच वेलबुट्टी उठून दिसते. सगळा काढला तर भांडं पांढरंफटक आणि निर्जीव दिसतं. शिवाय दांडा लाकडी असेल किंवा आत लाख भरलेली असेल तर गरम पाण्याने सुटेल. मेजावरच्या जुन्या चांदीच्या सुऱ्यांचंही तेच, मुठीत राळ भरलेली असते. किटली फक्त मऊ कापडाने आणि चांदीच्या पॉलिशने, उंचवट्यांवरूनच पुसा. पडलेले ओरखडे कारागिराकडून उजळून घ्या, पण एकदाच. प्रत्येक उजाळा थोडी चांदी नेतो.

बांधून ठेवताना रबरबँड, लोकर आणि फोमचे तुकडे जवळ नकोत. रबराची काळी रेघ मी ताटांवर कायमची उमटलेली पाहिली आहे. मलमलीत गुंडाळा, वरून हवाबंद पिशवी. आणि पेटी यापुढे वरच्या मजल्यावर ठेवा. कृष्णामाई आपल्याला विचारून येत नाही.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला आहे. तिला माझ्या आजेसासूबाईंचा चांदीचा चहा-कॉफीचा सेट पाठवायचा आहे. कुरिअरवाला घ्यायला तयार आहे. (इस्लामपूर)

उत्तर : थांबा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी, कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही, आणि ती घरची आहे की विकतची, याने फरक पडत नाही. आजेसासूबाईंचा सेट म्हणजे शंभरी गाठलेला असू शकतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला दाखवून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला मिळवा, मग पाठवा. सेट चाळीस-पन्नास वर्षांचाच असला, तरी कस्टमला ते कागदावर दिसलं पाहिजे.

प्रश्न : जुन्याची भानगडच नको. लग्नात द्यायला नवा चांदीचा सेट घेते. काय बघू? (तासगाव)

उत्तर : बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, हॉलमार्क आणि ९२५ किंवा त्याहून वरचा आकडा बघा. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीवरही सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक येऊ लागला आहे, तो बीआयएसच्या अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. सोन्यासारखी सक्ती मात्र अजून नाही, म्हणून मागून घ्यावं लागतं. बिलावर वजन, शुद्धता, घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या, वर तीन टक्के जीएसटी. मोड परत घेताना किती टक्के कापणार, ते त्याच बिलावर मागा. आणि खरं सांगू? भेट घेणारी मुलगी कॉफी पिते का, ते आधी विचारा. पीत नसेल तर तेवढ्याच वजनाच्या ताटवाट्या द्या.

प्रश्न : सेट घेतला आहे, अस्सल आहे, तुमच्या सगळ्या परीक्षांना उतरला. आता वापरू की कपाटात ठेवू? सासूबाई म्हणतात वापरून खराब होईल. (कराड)

उत्तर : वापरा. रोज हाताळून धुतलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा कमी काळी पडते. सासूबाईंची काळजी एका बाबतीत बरोबर आहे : मीठ. आपण ताटाच्या वर डावीकडे मीठ, लिंबू, लोणचं वाढतो आणि जेवण झाल्यावर ताट ओट्यावर तसंच राहतं. मिठाने चांदीला बारीक खड्डे पडतात आणि ते उजळून जात नाहीत. इंग्रजांच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा किंवा निळ्या काचेची वाटी असायची ती यासाठीच. चांदीच्या ताटात मीठ वाढायचंच असेल तर छोट्या काचेच्या वाटीत वाढा. अंड्यालाही चांदीचा चमचा लावू नका, लगेच काळा पडतो.

कॉफीपॉटचं म्हणाल तर घेण्याआधीच त्यात पाणी भरून ओतून बघायला हवं होतं, पण अजूनही बघा. तोटी भांड्याला जिथे जोडली आहे तिथून थेंब येतो का? बिजागरी हलते का? धार कपात पडते की तोटीखालून ओघळते? ओघळत असेल तर तोटीचं टोक कधीतरी वाकून परत सरळ केलेलं आहे, कारागीर पाच मिनिटांत नीट करेल. आतल्या सांध्यावर राखाडी, मळकट डाख दिसला तर तो शिशाचा असतो. पूर्वी घाईची दुरुस्ती तशीच करत. तो काढून चांदीचा डाख घालून घ्या, तोवर त्यातून काही पिऊ नका.

आधी पॉटमध्ये गरम पाणी फिरवून ते टाका, मग कॉफी ओता, नाहीतर थंड चांदी कॉफीची सगळी ऊब खाऊन टाकते. दूधसाखर वेगळी ठेवा. दुधाची कॉफी पॉटमध्ये ओतली की तोटीत साय अडकते आणि ती काढायला काडी घालावी लागते. जायफळ कपातच किसा.